वहीच्या समासातलं वाक्य

ताईने वहीच्या समासात पेन्सिलीने एक वाक्य लिहिलं, वाचलं आणि खोडून टाकलं. तिसऱ्यांदा. खोडरबराने तिथला कागद पातळ झाला होता. दुसरी घंटा झाली. विंगेतल्या आपल्या स्टुलावर ती सावरून बसली आणि तेच वाक्य तिने चौथ्यांदा लिहिलं, या वेळी दाबून.

‘झाकण मीच उघडं टाकलं.’

हे वाक्य नाटकातलं नव्हतं. नाटक होतं जुन्या इंग्रजी शोकांतिकेवरून बेतलेलं, भावाच्या खुनाचा सूड घ्यायला निघालेल्या एका सरदाराचं. निघालेला म्हणायचं आपलं. गडी पाच अंक स्वतःशीच भांडत बसतो, आणि त्याचं एकदाचं ठरेपर्यंत निम्मा दरबार मेलेला असतो. ही भूमिका करणाऱ्या नटाला सगळे ‘सरकार’ म्हणत, कारण उभ्या जन्मात त्यांनी राजा किंवा सरदार सोडून दुसरं काही केलं नव्हतं. आवाज असा, की शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या छातीत घुमावा. पाठांतर मात्र, देवा रे, नुसती चाळण! दुसऱ्या अंकातल्या मोठ्या स्वगतात ते दर प्रयोगाला एकाच जागी अडकायचे. मग प्रॉम्प्टर म्हणून ताई विंगेतून कुजबुजायची, आणि कानावर पडेल ते सरकार तसंच्या तसं म्हणून टाकायचे. कानातून थेट तोंडात, मध्ये डोक्याचा मुक्काम नाही. एकदा ताई चहावाल्याला हळूच म्हणाली, "तिकडे ठेवा, इथे सांडेल," आणि सरकारांनी कट्यार उगारून गर्जना केली, "तिकडे ठेवा, इथे सांडेल!" लोकांना ते रक्ताबद्दल वाटलं. टाळ्या पडल्या.

त्यावरूनच तिला हे सुचलं होतं.

गेल्या वर्षी याच रंगमंचावर तिची धाकटी बहीण गेली. सगळे तिला छोटी म्हणत. रंगमंचाच्या मधोमध जमिनीत एक लाकडी झाकण होतं आणि त्याखाली खोल खळगा. मेलेल्या भावाचं भूत त्यातून वर यायचं. मंडळींचा नियम साधा होता: खळग्यातून जो शेवटी वर येईल त्याने झाकण पायाने दाबून लावायचं आणि "बंद!" असं ओरडायचं. त्या दिवशी तालमीत शेवटी वर आले सरकार. कुणाशी तरी हसत बोलत ते तसेच निघून गेले. "बंद" कुणी म्हणालं नाही. छोटीचा प्रवेश सुरू झाला, त्यात तिला भुताला भिऊन उलट्या पावलांनी मागे यायचं होतं.

नंतर सरकार शपथेवर म्हणाले, की आपण झाकण लावलं होतं, लाकूडच ढिलं असणार. झाकण बसवणाऱ्या सुतारकाकांना काढून टाकण्यात आलं. ताईने सांगून पाहिलं, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. मॅनेजर तिचा हात हातात घेऊन म्हणाले, "ताई, तुम्ही आत्ता दुःखात आहात." झालं! विषय संपला.

झाकणाला खिळे ठोकले गेले. तरी दुसऱ्या अंकात तिथल्या फटीतून गार हवा यायची. भर दुपारच्या खेळालाही यायची. ताई आता मोजे घालून बसायची.

आज तिसऱ्या रांगेत सुतारकाका बसले होते. तिनेच आग्रहाने बोलावलं होतं. सरकारांच्या तोंडून, भरल्या नाट्यगृहात, ते वाक्य त्यांनी ऐकायचं होतं. एवढं एकच तिला हवं होतं, मग प्रॉम्प्टिंग सुटलं तरी बेहत्तर.

प्रवेशाला जाताना सरकार तिच्याकडे वाकले.

"ताई, लक्ष असू द्या हं. तुम्ही आहात म्हणून आम्ही आहोत."

मेल्याला लाज कशी वाटत नाही, असं तिच्या मनात आलं. तिने मान डोलावली.

स्वगत सुरू झालं. सरकार चालत चालत नेमके झाकणावर येऊन थांबले. "कट्यार हातात आहे, पण हात माझा नाही..." आणि अडकले. अंगठा मुठीवर घासू लागला. ही खूण फक्त ताईला ठाऊक होती. त्यांनी कान विंगेकडे वळवला, घास भरवायची वाट बघणाऱ्या मुलासारखा.

ताईने समासावर बोट ठेवलं. तोंड उघडलं. म्हण ना, म्हण! पण इतक्या विश्वासाने पुढे केलेल्या कानात हे ओतायचं? त्यांनी नाही का तुझ्या बहिणीला... तिच्या तोंडून ना समासातलं वाक्य बाहेर पडलं, ना नाटकातलं. चार सेकंद गेले. सहा. कुणीतरी खोकलं.

मग सरकारांचा कान विंगेकडून हटला. मान हळूहळू खाली गेली.

"झाकण मीच उघडं टाकलं," ते म्हणाले. तो घुमणारा आवाज नव्हता, घरातला होता. "बंद म्हणालो नाही. नंतर खोटं बोललो."

पुढचं तर ताईने लिहिलंच नव्हतं. तिसऱ्या रांगेत सुतारकाका उभे राहिले होते. बाकीच्या लोकांना ते नाटकच वाटलं असावं, सगळे श्वास रोखून बसले होते. सरकारांनी कसंबसं स्वगत संपवलं आणि पडदा पडला.

विंगेत येऊन ते जमिनीवरच बसले. रंगाखालचा चेहरा राखाडी दिसत होता.

"आवाज खालून आला, ताई."

"मी काहीच बोलले नाही."

"माहीत आहे. तुमचा आवाज ओळखतो मी, वीस वर्षं झाली." त्यांनी घाम पुसला. "सांगतो मी सगळ्यांना. आधी सुतारकाकांचे पाय धरतो."

वर्षभर जिची वाट पाहिली ती गोष्ट झाली होती. छातीवरचा दगड हलायला हवा होता. ताई वाट बघत बसली. तो हलला नाही.

"आणखी एक वाक्य होतं," सरकार म्हणाले. "ते मी म्हटलं नाही. ते माझं नव्हतं."

"काय होतं?"

"‘ताई, तू थांब म्हणालीस ते मला ऐकूच आलं नाही गं.’"

ताईने वही मिटली. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं, अगदी आईलासुद्धा नाही. त्या दिवशी छोटीचं पाऊल मागे पडताना तिने पाहिलं होतं, आणि याच स्टुलावरून ती "थांब" म्हणालीही होती. प्रॉम्प्टर म्हणते तसं. प्रेक्षकांना ऐकू जाणार नाही इतपत.

सरकार तिच्याकडे बघत होते. "तुम्ही तिला थांबवलं होतं?"

"म्हणाले होते मी," ताई म्हणाली.

सरकारांनी कान पुढे केला.

"काय? जरा मोठ्याने बोला, ताई."