मैनेच्या पाठीवरची तेरा वर्षे

मित्रांनो, घोड्यावर बसता यावे म्हणून त्याच्या पाठीवर चामड्याची जाड बैठक बांधतात. तिला खोगीर म्हणतात. मी तसलेच एक खोगीर. वय वर्षे तेरा, म्हणजे आमच्यात म्हातारपणच.

माझा जन्म घाटकोपरला, मार्तंडकाकांच्या लहानशा दुकानात झाला. जुहूच्या किनाऱ्यावर मुलांना घोडीवरून फिरवणारे दशरथ परब आपल्या चार वर्षांच्या घोडीच्या, मैनेच्या, पाठीचे माप घेऊन तिथे आले होते. काकांनी वर चामडे लावले आणि आतून लोकर भरली. या लोकरीला भरती म्हणतात. माणसाचे ओझे घोड्याच्या कण्याला टोचू नये म्हणून ती असते.

"दरवर्षी आणून दाखवायचं हां, दशरथ," काका म्हणाले. "लोकर दबते, तिचे गोळे होतात."

दशरथांनी दोन वर्षे मला नेऊन दाखवले. मग ते राहून गेले.

माझे दिवस मजेत जात होते. मुले रडत चढत आणि हसत उतरत. दशरथांनी माझ्यावर आरसे लावले, लाल गोंडे शिवले. लोक फोटो काढत, तेव्हा मला स्वतःचे मोठे कौतुक वाटे. माझी खालची बाजू कोणी पाहत नव्हते. खरे सांगायचे तर मलाही तिची आठवण नव्हती.

दशरथांची मुलगी श्वेता दहा वर्षांची असताना त्यांनी तिला शब्द दिला होता, की मैनेला घेऊन एकदा रानात जाऊ, तंबू ठोकू आणि तिथेच राहू. श्वेता मोठी झाली, अंधेरीला नोकरीला लागली, तरी ते जाणे झाले नाही. गेल्या दिवाळीनंतर तिनेच विषय काढला.

"बाबा, मैना सतरा वर्षांची झाली. आता नाही तर कधी जाणार तू?"

शहराबाहेरच्या एका वनउद्यानात घोडा घेऊन मुक्काम करता येतो, हे तिने शोधून काढले. परवानगीचा अर्ज केला. संध्याकाळी कामावरून आली की ती तबेल्यात मैनेशेजारी बसून वहीत लिही.

"दिवसाला तीस लिटर पाणी लागेल. गवत आपणच न्यायचं, तिकडच्या गवतानं पोट बिघडेल. आणि हिला एका झाडाला नाही बांधायचं. दोन झाडांमध्ये उंचावर दोर ताणायचा, त्याला बांधायचं, म्हणजे पाय अडकत नाही."

"आणि लीद?"

"गोळा करून परत आणायची. नियम आहे त्यांचा."

दशरथ हसले. "जल्म गेला हिचा वाळूत गोल गोल फिरण्यात. मातीची वाट कशी असते, काय म्हायत नाय बिचारीक."

चार महिन्यांनी परवानगी आली. मी दशरथांना इतके आनंदात कधी पाहिले नव्हते.

रानात दोन-दोन तास चालायचे, म्हणून श्वेता दर रविवारी सकाळी सामानाच्या पिशव्या लादून मैनेवर सराव करू लागली. आजवर माझ्यावर पाच-पाच मिनिटे लहान मुले बसत होती. आता मोठे माणूस, वर सामान, आणि तेही दोन तास. पहिल्या रविवारी माझा तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, आवळताना मैनेने कान मागे पाडले. दुसऱ्या रविवारी श्वेता चढताच तिने पाठ खाली दाबली. तिसऱ्या रविवारी ती चावायला वळली.

"बाबा, ही अशी नव्हती ना कधी?"

"वय झालं गो तिचं. नखरे करता," दशरथ म्हणाले आणि मैनेच्या मानेवर थोपटले. "चल गे बाये."

मला मात्र सगळे कळत होते. माझ्या पोटातल्या लोकरीचा दगड झाला होता आणि तो तिच्या मानेमागच्या उंचवट्यात रुतत होता. मला बोलता येत नव्हते. श्वेताने मायेने माझ्याखाली आणखी एक घोंगडी घातली. त्यामुळे मी आणखीनच घट्ट बसले.

निघायला चार दिवस उरले, तेव्हा मैनेच्या तब्येतीचा दाखला द्यायला जनावरांचे डॉक्टर मुकुल आले. त्यांनी मला उतरवले आणि मैनेच्या पाठीवर बोट टेकवले. ती थरथरली. कातडीखाली पू झाला होता. डॉक्टरांनी माझ्या पोटाखाली हात फिरवला आणि तो तिथेच थांबला.

"कधीपासून हे असं आहे?"

दशरथांनी माझी खालची बाजू स्वतः चाचपून पाहिली.

"जखम हाडापर्यंत गेली आहे. हिच्यावर आता कोणीही बसायचं नाही. कधीच."

श्वेता भिंतीला टेकून खाली बसली. "ती सांगत होती रे बाबा. तीन रविवार सांगत होती."

दशरथ तिला म्हणाले, "तू लहान आहेस. मी सगळी वर्षं हिच्याबरोबर आहे. माका कळूक व्हया होता."

औषधे झाली, जखम दोनदा उघडून धुतली, पण ती आतून चिघळतच गेली. दोन महिन्यांनी एका सकाळी मैना आडवी झाली. दशरथांनी तिचे डोके मांडीवर घेतले होते. ती पुन्हा उठली नाही.

त्यानंतर दशरथांनी मला मार्तंडकाकांकडे आणले. काका आता खूप थकले आहेत. त्यांनी माझी शिवण उसवली. आतून घामाने कडक झालेले लोकरीचे गोळे निघाले आणि मूठभर वाळू.

"नीट होईल रे. चामडं अजून चांगलं आहे," काका म्हणाले.

"कोणासाठी, काका?" दशरथांनी विचारले. काकांनी काढलेले गोळे आता दशरथांच्या हातात होते. ते खाली ठेवून ते निघून गेले.

तेव्हापासून मी इथे फळीवर पडून आहे. मित्रांनो, मला कोणी नीट करावे म्हणून हे सांगत नाही. तुमच्या घरी, शेजारी, कुठेही एखादे जनावर ओझे वाहत असेल, तर ते लादण्याआधी त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवा. त्याने अंग चोरले, कान पाडले, तर त्या दिवशी कुठेही जाऊ नका.