तिसरा मुखडा

हाडवैद्य तोंडाने फटकळ होता, पण त्याच्या हाताला तोड नव्हती. निखळलेला खांदा तो गाणं म्हणून बसवायचा. हसू नका, खरंच सांगतो. रोग्याला आडवं करायचा, त्याच्या आवडीचं गाणं विचारायचा, मनगट धरून टाच त्याच्या काखेत रोवायचा आणि तेच गाणं सुरू करायचा. आवाज म्हणाल तर गंजलेल्या बिजागरीसारखा. पण मुखडा पहिल्यांदा फिरून आला की रोगी श्वास सोडायचा, दुसऱ्यांदा आला की स्वतःच गुणगुणायचा, आणि तिसऱ्यांदा यायच्या बेतात असताना त्याचं अंग असं काही सैल पडायचं की वैद्याने एका हिसक्यात खांदा जागेवर बसवलेला असायचा. किंकाळी निघायची ती काम झाल्यावर.

"नव्या गाण्याला माणूस कान टवकारतो, ओळखीच्या गाण्यात अंग टाकतो," असं त्याचं म्हणणं. पुढे काय येणार ते माहीत असावं आणि ते ठरल्या जागी यावं, यात जिवाला फार सुख असतं. लोक तीच ओळ शंभरदा ऐकतात ती काय उगाच? हे डॉक्टरांना कळत नाही म्हणून त्यांना भूल द्यावी लागते, असा टोमणाही तो वर मारायचा.

हा उपाय फक्त एकाच माणसावर चालला नव्हता, त्याच्या पोटच्या पोरीवर. दोन वर्षांत ती तीनदा मोडलेलं हाड घेऊन माहेरी आली. आधी करंगळी, मग गळ्याचं हाड, आणि आता चार दिवसांपूर्वी डावा हात, कोपराखाली. कधी जिन्यावरून पडले म्हणायची, कधी न्हाणीत घसरले. बापाने गाणं काढलं की ती म्हणायची, "बाबा, गाऊ नका." मग कापड दातांत धरून, लाकडासारखी ताठ होऊन सगळं सोसायची. जगाच्या लेकी गाण्यावर बऱ्या होतात आणि आमच्या बाईसाहेबांना बापाचा आवाज सोसवत नाही, म्हणून वैद्य धुसफुसायचा. तिच्या घरचा जिना तिच्याच मुळावर का उठलाय, हे विचारायचं मात्र या शहाण्याला कधी सुचलं नाही.

जावई त्याचा लाडका होता. लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचा. एकदा वैद्य लेकीकडे गेला असताना तिची शेजारीण कौतुकाने सांगत होती, की तुमचे जावई भारी शौकीन हो, एकच गाणं लावतात, भिंती हादरतील एवढ्या मोठ्याने, आणि संपलं की पुन्हा तेच. आधी आमचं डोकं उठायचं, आता तोंडपाठ झालंय. मुखडा आला की भांडी घासता घासता पाय ठेका धरतो. आपल्याच पंथाचा जावई मिळाला म्हणून वैद्य दोन दिवस हवेत होता.

तर त्या सकाळी जावई बायकोला न्यायला आला, तो लोंबकळता उजवा हात घेऊनच. गाडीत स्पीकर चढवताना खांदा निखळला होता. लेकीची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. मला नाही जायचं, असं ती आदल्या दिवशी म्हणाली होती, पण बापाने तिला झापून गप्प केलं होतं. आता ती आतल्या खोलीत, झोळीतला हात सांभाळत, एका हाताने पट्ट्या गुंडाळत बसली होती. बाहेरच्या खोलीत सात-आठ रोगी बाकांवर खोळंबले होते. वैद्याने तिकडचं दार लावलं, जावयाला सतरंजीवर आडवं केलं आणि गाणं विचारलं. जावयाने हसून त्याचं ते गाणं गुणगुणून दाखवलं.

वैद्याने टाच रोवली आणि सुरू झाला. मुखडा पहिल्यांदा फिरून आला. जावयाने डोळे मिटले. समोरच्या अर्धवट उघड्या दारातून वैद्याला लेक दिसत होती. तिच्या हातातली पट्टी थांबली. मुखडा दुसऱ्यांदा आला. जावई गुणगुणू लागला. आणि लेकीचा मोडका हात झोळीतून निघून डोक्यावर गेला, दुसरा बरगड्यांवर आला, मान खांद्यांत गेली. खोलीत ती एकटी होती. तिच्याजवळ कुणी नव्हतं.

वैद्याने आयुष्यभर अंगं वाचली होती. डोक्यावर धरलेल्या हातावर फटका कुठे बसतो, ते त्याला कुणी सांगायला नको होतं. त्याने चार दिवसांपूर्वी बांधलेली पट्टी नेमकी त्याच जागी होती. भिंती कशासाठी हादरत होत्या तेही त्याला कळलं.

"थांबलात का, मामा?" जावई डोळे न उघडता म्हणाला. "मुखडा येऊ द्या की."

वैद्याने गाणं पहिल्यापासून घेतलं, या वेळी बेंबीच्या देठापासून. बाहेरच्यांनाही ते येत होतं. त्यांनी सूर धरला, कुणीतरी बाक बडवायला लागलं. मुखडा आला आणि वैद्याने जावयाची करंगळी मागे मोडली, काडकन. जावई गुरासारखा ओरडला, पण बाहेर सगळे रंगात आले होते. दुसऱ्यांदा मुखडा आला तेव्हा वैद्याचा गुडघा त्याच्या गळ्याच्या हाडावर होता. त्याने सगळा भार टाकला. हाड मोडल्याचं त्याला गुडघ्यात जाणवलं आणि, खोटं कशाला बोला, बरं वाटलं. जावई पाय झाडत होता, मामा सोडा, मामा पाया पडतो, म्हणत होता. वैद्याने त्याचा हात उंबऱ्यावर आडवा ठेवला, कोपराखालचा भाग मोकळा राहील असा, आणि पाय उचलला. बाहेरचे तिसऱ्या मुखड्याकडे निघाले होते. तोही गात होता.

एक तळहात त्याच्या तोंडावर घट्ट बसला.

"बाबा, गाऊ नका," लेक म्हणाली. "त्याचं ओरडणं त्यांना ऐकू जाऊ दे. माझं कुणाला गेलं नाही."

तिने जाऊन दार उघडलं. मुखडा बाकांवरच्या लोकांच्या तोंडात अर्धाच राहिला. आत सतरंजीवरचा माणूस रडत होता, आणि ती दारात उभी राहून कुठल्या महिन्यात कुठलं हाड मोडलं ते सांगत होती. शेवटी म्हणाली, गाणं हेच होतं. बाक बडवणाऱ्याने हात मांडीखाली घातले.

वैद्याने जावयाचा खांदा बसवला, गाण्याशिवाय. ती किंकाळी रस्त्यापर्यंत गेली. करंगळी आणि गळ्याचं हाडही त्यानेच बांधलं, कारण ती त्याचीच करणी होती, आणि दोघा रोग्यांनी जावयाला धरून त्याच्या गाडीपर्यंत नेलं.

मग त्याने लेकीच्या हाताची सुटलेली पट्टी पुन्हा बांधायला घेतली. तिला आज त्या घरी पाठवणारा आपणच होतो, हे काही केल्या त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं, आणि डोळे गळत होते ते पुसायला हात मोकळा नव्हता. तो गात नव्हता तरी ती लाकडासारखी ताठच होती. गाठ मारून झाल्यावर तिने दाराशी ठेवलेली बॅग उचलली आणि आत नेली.