सहा बादल्यांची अंघोळ

मित्रांनो, तोंडभर दात असूनही जन्मात कुणाला न चावलेला मी एक जुना खरारा आहे. घोड्याच्या अंगावरची वाळलेली माती आणि सुटलेले केस मी काढतो. लोहाराने माझे दात घासून बोथट केले आणि पाठीवर चामड्याचा पट्टा ठोकला. त्या पट्ट्यात तीस वर्षे एकच हात शिरला, घोड्यांची निगा राखणाऱ्या आमच्या मोतद्दारकाकांचा.

काकांचा जीव होता तांबड्या घोडीवर. तिची अंघोळ कशीतरी उरकलेली त्यांना खपत नसे. आधी मी अंगभर फिरायचो. मग पाणी, तेही एकदम पाठीवर नाही. आधी खुरांवर, मग गुडघ्यांवर, मग खांद्यांवर, म्हणजे ती दचकत नसे. तोंड ओल्या फडक्याने पुसायचे, कानात थेंब जाऊ द्यायचा नाही. साबण लावून झाला की मोजून सहा बादल्या, तीन या अंगाने, तीन त्या अंगाने. शेवटी लाकडी पट्टीने पाणी निपटून तिला उन्हात फिरवायचे.

"साबण कुणीही लावेल," काका म्हणायचे, "तो काढणं खरं काम."

पुढे काकांची नजर धूसर झाली. घोडीच्या मालकांना कळले तर घोडी आपल्या हातून जाईल, या भीतीने त्यांनी लेकीलाही सांगितले नाही. डोळ्यांचे काम त्यांनी मोजणीवर सोपवले. सहा बादल्या झाल्या, की घोडी स्वच्छ. मातीचा खडखडाट ते माझ्या दातांवरून ऐकत. खोटे कशाला बोलू, माझा मान वाढला म्हणून मी मनातून खूश होतो.

लेक दुपारी डबा घेऊन यायची. भरली बादली उचलताना बाप ती मध्येच खाली टेकवतो, हे ती रोज पाहायची. एक दिवस तिने त्या जागी लहान बादली ठेवली. कडी हाताला रुतू नये म्हणून जुन्या कडीची चिंधी नव्या कडीला गुंडाळली. बाबांना दिसेलच, सांगायचे काय, असे तिला वाटले. बाबा काही बोलले नाहीत. पाण्याचा आवाज बदललेला मला कळला होता, पण मी पडलो लोखंडाचा.

सहा बादल्या रोज होत राहिल्या. साबण मात्र पोटाखाली, खोगिराचा पट्टा आवळतात तिथे, राहू लागला आणि कातडी खाऊ लागला. तिथली कातडी नाजूक, म्हणून मी तिथे जात नसे. काकांच्या तळव्यांना तर घट्टे पडलेले. घोडीने अंग चोरले की ते हसायचे, "बाईसाहेबांना गुदगुल्या होतात!"

एका सकाळी मालकांनी पट्टा आवळला आणि ती गरीब घोडी उसळली. मालकांनी वाकून पाहिले.

"काका, एवढी जखम! दिसली नाही तुम्हाला?"

काका पोटाखाली भलतीकडेच चाचपू लागले.

"माझ्या हातात काय आहे, सांगा बघू."

"लगाम."

मालकांचा हात रिकामा होता. ते रागावले असते तर बरे झाले असते. "आता घरी आराम करा, काका," एवढेच ते हळू आवाजात म्हणाले.

दुपारी लेक आली. तिने जखम पाहिली, मग बादलीकडे पाहिले आणि ती उचलून बाबांपुढे ठेवली.

"बाबा, बादली मी बदलली हो. लहान ठेवली. तुम्हाला त्रास नको म्हणून."

काका चिंधीवरून बोटे फिरवत राहिले.

"हलकी लागायची खरी," ते म्हणाले. "मला वाटलं, हातात पुन्हा जोर आला."

आता मी त्यांच्या घरी खिडकीत पडून असतो. दातांवर गंज चढला आहे आणि त्यात तांबडीचे चार केस अडकले आहेत. काका रोज ते चाचपतात, पण काढत नाहीत. घोडीची जखम भरली, असे लेक सांगते. मात्र नवा माणूस नळीने थेट डोक्यावर पाणी सोडतो आणि घोडी थरथरते, हे लेक बाबांना सांगत नाही.

मित्रांनो, मुक्या जनावराच्या अंगावर साबणाचा कण ठेवू नका. दिसेनासे झाले तर घरात सांगा. आणि कुणाचे ओझे हलके करायचे असेल, तर त्याला सांगून करा.