तड्यावरची काच

"आलास का पुन्हा भिंतीची नाडी बघायला?" नुन्त्सियाताईने दारातूनच टोमणा मारला. "आधी कॉफी घे. भिंत काही पळून जात नाही."

"पळेल म्हणूनच येतो ना, ताई," कातालदो हसला.

एकतीस वर्षं तो नगरपालिकेत गवंडी होता. समुद्राच्या कड्यावरच्या जुन्या घरांना जिथे तडा जाई, तिथे तो काचेची पट्टी आडवी चिकटवी. काच शाबूत तर भिंत जागेवर; काच फुटली की घर रिकामं. अशी नऊ घरं त्याने रिकामी करवली होती. गल्लीतल्या बायका त्याला पाहून अपशकुन टळावा म्हणून बोटांची शिंगं करत, जणू हाच घरं पाडतो!

बहिणीचं घर समुद्री चाच्यांच्या काळातल्या बुरुजाला पाठ टेकून उभं. बोटीतून येणारे पाहुणे त्या बुरुजाचे फोटो काढत. इथली काच बारा वर्षांत एकदाही फुटली नव्हती. कातालदोला त्याचा कोण अभिमान!

तो गुडघ्यांवर बसला. काच अखंड होती. पण तड्यात त्याची करंगळी सहज आत गेली. गेल्या वर्षी तिथे नखसुद्धा शिरत नव्हतं. त्याने मान वर केली. समोर भाऊजींचा, सावेरियोचा, फोटो होता. चौकट होती, काच नव्हती.

"ताई, ही पट्टी किती वेळा बदललीस?"

ती कॉफी ढवळत राहिली. "चारदा."

"अगं, वेड लागलंय का तुला? रात्री झोपेत गेली असतीस खाली!"

"आणि जाऊ कुठे, मेल्या? वरच्या वस्तीतल्या त्या खुराड्यात? तिथून समुद्र दिसत नाही. समुद्रात गेलेला सावेरियो अजून सापडलेला नाही रे."

जमिनीखाली कुठेतरी धप्प झालं. बशीतला चमचा आपोआप वाजू लागला.

"लाट आहे," ती पुटपुटली.

"आज वाऱ्याचं नाव नाही, ताई. बूट घाल."

"रविवारपर्यंत तरी..."

"नाही."

तिच्या दारावर घर रिकामं करायची लाल फुली त्याने स्वतःच्या हाताने मारली. थोडा रंग उंबऱ्यावर सांडला. पलीकडच्या खिडकीतल्या बाईने आज शिंगं केली नाहीत.

ताई बाहेर आली ती तेवढा एक फोटो घेऊन. भिंतीतून बारीक चुना झरत होता. काच नव्हती, म्हणून तिने सावेरियोच्या चेहऱ्यावर आपला तळहात धरला होता.