मोरीत पडलेल्या बायका

“किती दिवसांपासून लघवी लाल होते?” शामला सिस्टरने विचारलं सुनेला, उत्तर दिलं सासूनं.

“आठ दिस झाले जी. उन्हाळी लागली तिले. धन्याचं पाणी देल्लं, सब्जा देल्ला. उतरूनच नाही राहिली.”

सून, मिनल, तपासणीच्या पलंगावर अर्धीच टेकून बसली होती. तिने आणलेल्या बाटलीतली लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होती. उन्हाळी लागली की आग होते, माणूस एका जागी बसत नाही. ही मुलगी तर श्वासही जपून घेत होती.

“जळजळते का वं लघवीले?”

मिनलने सासूकडे पाहिलं, मग नाही म्हणून मान हलवली.

नागपुरातल्या त्या रुग्णालयात मूत्रविकारांचे सर्जन एकटेच होते आणि आठवड्यातले चार दिवस ऑपरेशनमध्ये असत. लघवीतून रक्त जाणारी माणसं नंबर येईपर्यंत महिना महिना ताटकळायची. म्हणून दोन वर्षांपूर्वी चौदा नंबरच्या खोलीत सोमवारी आणि गुरुवारी शामला सिस्टरची ओपीडी सुरू झाली. हकीकत विचारायची, लघवीत पट्टी बुडवायची, रक्तदाब घ्यायचा, सोनोग्राफीला पाठवायचं. दुर्बीण घालून तपासायला उद्याच कोणाला पाठवायचं आणि कोण पंधरा दिवस थांबू शकतं, हे तीच ठरवायची. येणारे बहुतेक पुरुष. बिड्या ओढणारे, सहा सहा महिने रक्त लपवून ठेवणारे. त्यांच्याशी कसं बोलायचं हे एकोणतीस वर्षांच्या नोकरीने तिला शिकवलं होतं.

बायका कमी यायच्या. गेल्या वर्षी एक आली होती. नवरा म्हणाला, मोरीत पडली. शामलाने कागदावर तेच लिहिलं. अकराव्या दिवशी ती बाई परत आली, तेव्हा कागदावर लिहायला फक्त मृत्यूची वेळ उरली होती.

“आडवी हो, मिनल. किडनीची जागा पाहू दे.”

मिनल आडवी होईना. शामलाने तिच्या पाठीखाली हात घालून हळूच निजवलं आणि कुर्ता वर केला. डाव्या बरगडीपासून कमरेपर्यंत कातडी जांभळी झाली होती, कडेने पिवळी पडत चाललेली. मधोमध बुटाच्या तळव्याची वळलेली कड उमटली होती. उजवीकडे जुने डाग होते.

“हे कसं झालं?”

“मोरीत पडली,” दोघी एकदमच म्हणाल्या.

शामलाने कागद पुढे ओढला. पुढचा प्रश्न छापीलच होता, मुतखडे किंवा वंशातून येणारे आजार असतील तर कळावेत म्हणून.

“घरात आणखी कोणाले असं लघवीतून रक्त गेलं होतं?”

मिनल नाही म्हणाली. सासू, जिजाबाई, पदराच्या टोकाकडे बघत होत्या.

“मले गेलं होतं,” त्या म्हणाल्या.

“कधी, मावशी?”

“जितू पोटात होता तवा. सातवा महिना. सात-आठ दिस लाल झाली, मंग आपोआप राहिली.”

“तुम्हीबी मोरीत पडल्या होत्या?”

जिजाबाईंनी पदराचं टोक सोडलं.

“तवा आमच्या घरी मोरीच नव्हती.”

मिनलने मान वळवून सासूकडे पाहिलं. बारा वर्षं एका चुलीवर रांधून तिने हे कधी ऐकलं नव्हतं.

शामलाने पेन उचललं. “मी खरं तेच लिहीन. सोनोग्राफी आत्ताच करू. तुले आज घरी नाही पाठवत, भरती करते. अन् खाली पोलिस चौकीत कळवा लागते.”

मिनलने तिचं मनगट धरलं. “नका ना, सिस्टर. पोरं हायेत घरी. ते बाहेरच बसून हायेत.”

ते म्हणजे तिचा नवरा, जितेंद्र. मौद्याला त्याचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. सकाळी त्याने शामलाला हात जोडून नमस्कार केला होता, सासू-सुनेसाठी पंख्याखालची जागा शोधून दिली होती. आता तो दार ढकलून आत आला. कडी लावलेली नव्हती.

“झालं का, मॅडम?”

“तपासणी चालू आहे. बाहेर थांबा.”

“पोलिसाचं काय म्हणून राहिले होते तुम्ही?” तो हसला. “गोळी लिहून द्या न. घरची गोष्ट हाये.” मग हसू तसंच ठेवून बायकोला म्हणाला, “चाल. ऊठ.”

शामला दोघांच्या मध्ये उभी राहिली. “ती आज कुठंच नाही जाणार.”

त्याने आवाज चढवला नाही. पलंगाजवळचं लोखंडी स्टूल उचललं आणि मारलं. शामलाने डावा हात आडवा धरला. ओली काडी मोडावी तसा आवाज आला आणि तो आपल्याच हाडाचा आहे हे तिला क्षणभर कळलं नाही. दुसऱ्या फटक्याने ती खाली गेली. हनुवटी पलंगाच्या लोखंडी कडेवर आपटली, तोंडात दात सुटा झाला.

जमिनीवरून तिला त्याचे बूट दिसत होते. त्याने मिनलला केसांनी धरून पलंगावरून ओढलं आणि लाथ घातली. डाव्या कुशीतच. दुसरी घातली. तिसरीला जागा नीट मिळावी म्हणून एका पायाने तिचा हात बाजूला सारला. मेजावरच्या बाटल्या घरंगळून फुटल्या. दहा जणांची लघवी आणि काचा फरशीवर पसरल्या. मिनल ओरडली नाही. प्रत्येक लाथेला तिच्या तोंडातून नुसती हवा बाहेर पडत होती. जिजाबाई भिंतीला चिकटून, पदर तोंडात कोंबून उभ्या होत्या.

सुरक्षारक्षक आणि रांगेतल्या दोन पेशंटनी त्याला खेचलं. दारातून बाहेर नेतानाही त्याने चौकटीला धरून आणखी एक लाथ मारून पाहिली. ती हवेत गेली.

शामला काचांवरून गुडघ्यांनी सरकत मिनलपाशी गेली. नाडी पळत होती आणि धाग्यासारखी बारीक होती. पोट लाकडासारखं घट्ट. आधीच दुखावलेली किडनी फुटली होती.

“सरांना सांगा, आत रक्त चाललंय,” ती दारातल्या नर्सला म्हणाली. तोंडातल्या रक्ताने शब्द फुगत होते. “दोन्ही हाताले मोठ्या सुया लावा. रक्तपेढीत फोन करा.”

ट्रॉली निघाली तेव्हा डावा हात लोंबकळत ठेवून, उजव्या हाताने सलाइनची बाटली उंच धरून ती ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत चालत गेली. तिथे कोणीतरी बाटली तिच्या हातातून काढून घेतली.

ऑपरेशन तीन तास चाललं. डाव्या किडनीचे दोन तुकडे झाले होते. ती काढून टाकावी लागली. मिनल वाचली. प्लास्टरच्या खोलीत येऊन सर्जन शामलाला म्हणाले, “एका किडनीवर माणूस चांगला जगतो. तुम्हाला काय सांगायचं.”

तिला माहीत होतं. पण सकाळी ती मुलगी तिच्याकडे आली तेव्हा दोन होत्या. कडी लावली असती तर? पोलिसाचं नाव हळू घेतलं असतं तर? की गोळी लिहून दिली असती आणि मौद्याला जाऊ दिलं असतं? या शेवटच्या प्रश्नाशी तिला ती गेल्या वर्षीची बाई दिसली आणि तिने प्रश्न थांबवले.

चारच्या सुमारास जितेंद्रचे वडील रुपराव गावातली तीन माणसं घेऊन आले. पांढरा सदरा, खिशाला दोन पेन. त्यांनी आधी रुग्णालयाच्या प्रशासकांना गाठलं. प्रशासक येऊन अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसलेल्या शामलाशेजारी उभे राहिले.

“तुमच्या हाताची तक्रार आपण देऊच,” ते म्हणाले. “पण सुनेचं त्यांच्या घरचं आहे. ती शुद्धीवर नाही. सासूनं पाहिलं नाही म्हटलं, तर आपण काय करणार?”

समोरच्या भिंतीपाशी महिला हवालदार जिजाबाईंचा जबाब घ्यायला उभी होती. रुपराव बायकोच्या कानाशी वाकले, पण आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

“सांग त्याहिले. सून घाबरून पलंगावरून पडली. सिस्टर मधात आली, जितूचा हात लागला असंन.”

जिजाबाईंनी पदर डोक्यावर नीट केला.

“पडली नाही,” त्या म्हणाल्या. “माह्या पोरानं मारलं. आठ दिसाआंधी घरी मारलं, आज इथं मारलं. बुटानं.”

रुपरावांचा हात उठला तो कोणाला दिसायच्या आत बायकोच्या गालावर बसला. वऱ्हांड्यातली माणसं वळून बघू लागली. जिजाबाईंचं डोकं भिंतीवर आपटलं. हवालदाराने रुपरावांचं मनगट धरून मागे पिरगळलं. बरोबरची माणसं पुढे आली नाहीत.

जिजाबाईंनी कानातला आवाज थांबायची वाट पाहिली. मग बोट नवऱ्याकडे केलं.

“अन् तो हे याहिच्याचपासून शिकला. हेबी लिहा.”

रुपरावांना चौकीतल्या शिपायाने खाली नेलं; जितेंद्र आधीच तिथे होता. हवालदाराने लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं आणि विचारलं, “अंगठा लावता का?”

“सही येते.”

त्यांनी पेन मुठीत धरलं आणि एकेक अक्षर थांबून थांबून लिहिलं. जिजाबाई. पेन परत दिलं.

“पुढं नवऱ्याचं नाव, आडनाव राहिलं, मावशी.”

जिजाबाई कागदाकडे बघत राहिल्या. गालावर चार बोटं उठली होती.

“ते नाही लिहिता येत मले.”

“आत्ता तर लिहिलं तुम्ही.”

“माहं येते,” त्या म्हणाल्या.

हवालदाराने कागदाची घडी केली.

शामला प्लास्टरमधला हात सांभाळत बाकावर थोडी सरकली. जिजाबाई येऊन तिच्याशेजारी बसल्या. अतिदक्षता विभागाचं दार बंद होतं, आणि भेटायची वेळ व्हायला अजून अवकाश होता.