धाब्यावरचं पाणी

"सायेब, आमच्या धाब्याचं पानी म्हंजी वस्त्रगाळ," ओट्यावर बसत रंगनाथनं घराच्या सपाट मातीच्या छपराकडं बोट केलं. "वर इतभर माती, मातीत मेथी. घान सगळी मुळ्या धरून ठिवत्यात. खाली निस्तं पानी येतं."

सकाळी एक सर येऊन गेली होती. बहात्तरच्या त्या दुष्काळी साली पाथर्डीच्या अंगाला तेवढीसुद्धा नवलाचीच. साहेब पाणी तपासायलाच तालुक्याहून आले होते. गावात पिण्याजोगं पाणी सापडलं, की टँकर बंद.

टँकर गेला तर विहीर दीड कोसावर, आणि हंडा राहीबाईच्या डोक्यावर. नवरा हे सगळं विसरून बोलत सुटला होता.

पन्हळीखालची घागर आणायला नवराबायको मागच्या अंगाला गेली. आत बघून रंगनाथनं जीभ चावली. शेजारच्या भीमाच्या साध्या धाब्याचं पाणी नुसतं गढूळ होतं. हे चांगलं तपकिरी होतं, वर वासही. महिन्यापूर्वी मेथीला चार पाट्या लेंडीखत त्यानंच घातलं होतं.

"झाकून ठिव," तो पुटपुटला. "सांडलं म्हनून सांग."

"आता कशाला? दावतेच की."

टँकर आता जात नाही, म्हणून राहीबाईचा जीव भांड्यात पडला होता. रंग नीट दिसावा म्हणून तिनं घरातली एकुलती पांढरी कपबशी काढली, भरली आणि साहेबांपुढं ठेवली.

साहेब ग्रामसेवकाशी बोलत होते. बोलता बोलताच त्यांनी बशीत ओतलं आणि भुरका मारला.

"बिनदुधाचा? बरं केलंत बाई. डॉक्टरांनी दूध बंदच केलंय." त्यांनी कप संपवला. "गार झालाय, पण चव आहे. अजून अर्धा द्या."

"सायेब, त्यो च्या न्हाई," राहीबाई म्हणाली. "धाब्याचं पानी हाय. लेंडीखतातनं आल्यालं."

ओट्याच्या कडेला बसलेला भीमा फिसकन हसला आणि खोकल्यासारखं करू लागला. साहेबांनी बशी हळूच खाली ठेवली. त्यांचे कान लाल झाले होते.

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "मी तपासणीच करत होतो."

"बघ, म्हनलं नव्हतं?" रंगनाथ बायकोला म्हणाला. राहीबाईनं त्याच्याकडं बघितलं नाही. ती साहेबांच्या पेनाकडं बघत होती.

'पाणी पिण्यास योग्य. स्वतः पिऊन खात्री केली,' असं त्यांनी लिहिलं.

सोमवारपासून टँकर बंद झाला. राहीबाई तक्रार घेऊन तालुक्याला गेली, तेव्हा साहेब भेटले नाहीत. पोट बिघडल्यामुळं ते आठ दिवसांच्या रजेवर होते.