सेनुआराची ओटी

मी मनिषा, पोलीस शिपाई. लोणी देवकरच्या एका कारखान्यातून कागदपत्रं नसलेली अकरा माणसं पकडून सरकारी सभागृहात ठेवली, तेव्हापासून दारावर पहारा माझा. त्यातली सेनुआरा ब्रह्मदेशातून जीव वाचवून आलेली, आठवा महिना लागलेला. पाय टम्म सुजलेले, डोकं सारखं ठणकायचं. बारामतीहून मदत पथकाच्या डॉक्टर आसावरी दोनदा आल्या नि दोनदा दारातूनच परत गेल्या. बाहेरच्या डॉक्टरला वरून परवानगीचं पत्र लागतं, आणि पत्र काही केल्या येईना. त्या पत्राचा मला असा संताप यायचा!

जेवणाचे डबे आणणाऱ्या पळसदेवच्या प्रयागबाईंनी ते पाय पाहिले आणि थेट फौजदार विजयसिंहसाहेबांना गाठलं.

"सायेब, सातवा सरला अन् पोरीची वटी भरलेली न्हाय. उद्या आमी पाच बाया येतो. त्याला बी पत्र लागतं व्हय?"

कुणाला आत सोडायचं नाही याचा आदेश साहेबांनी वरून खालपर्यंत वाचला. ओटीबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. "या," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाच सवाष्णी हजर. पाचवीने पदर चांगलाच पुढे ओढलेला. झडती माझ्याकडे. तिच्या ताटात तांदूळ, नारळ, हिरवा खण, आणि खणाखाली रक्तदाब मोजायचं यंत्र. मी खण नीट सारखा केला.

"जा आत, वहिनी."

आत गाणं सुरू झालं. दुसरं कडवं संपायच्या आत डॉक्टरबाईंचा आवाज चढला. "एकशे सत्तर-एकशे दहा! साहेब, हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या, नाहीतर आई नि बाळ दोघंही जातील."

साहेब लालबुंद. "डॉक्टर, तुम्ही? फसवलंत मला!"

"फसवलं कुठं?" प्रयागबाई कडाडल्या. "वटी तर भरलीच की! म्या भरली, आता ती माझी लेक हाय. लेकीला न्यायला आलीय. तुमी न्हाय म्हणून तर बघा."

साहेबांनी कपाळाला हात लावला आणि स्वतःच गाडी काढायला धावले. "पहाऱ्याला तू जा," मला ओरडून म्हणाले.

बारामतीत लगोलग ऑपरेशन झालं. बाकावर बसून मी नखं कुरतडत होते. संध्याकाळी नर्स दुपट्यात गुंडाळलेली मुलगी घेऊन बाहेर आली. प्रयागबाई नेमक्या चहा आणायला गेलेल्या.

"बाळंतीण बरी आहे," नर्स म्हणाली. "तुम्ही पहाऱ्यावर ना? हिचे नातेवाईक कोण आहेत?"

मी टोपी काढून बाकावर ठेवली आणि दोन्ही हात पुढे केले.

"द्या इकडं. मी मावशी हाय तिची."